लाल गोंड्याची माशी

जालन्याहून एस.टी.नं अंबडला निघालं की वीस-पंचवीस किलोमीटरवर गाव येतं आणि एक टेकडी दिसू लागते. टेकडीवर मत्स्योदरी देवीचं देऊळ आहे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवीचं नाव मत्स्योदरी, असं लोक सांगतात. मित्रांनो, गंमत बघा! समुद्र इथून तीनशे किलोमीटरहून लांब. पाऊस वर्षाला साधारण 650 ते 750 मिलिमीटर, आणि तोही मनात आलं तर. अशा कोरड्या मुलखातल्या देवीच्या नावात मात्र मासा!

याच मुलखात, डोंगराच्या कडेला, माझ्या मावशीचं गाव आहे. गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. का ते तुम्हाला शेवटी कळेल. दोन वर्षांपूर्वी पोळ्याला मी तिथे गेलो होतो. कपड्यांच्या पिशवीबरोबर आणखी एक लांबट कापडी पिशवी होती. ती पाहून एस.टी.चे कंडक्टर म्हणाले, “काय हो, बासरी का?”

बासरी नव्हती. मासे पकडायची काठी होती. माझा भाचा इंग्लंडात शिकायला होता. सुट्टीत आला तेव्हा तो ती माझ्याकडे ठेवून गेला. “मामा, हिच्यानं माशी टाकून मासे धरतात,” तो म्हणाला. मला आधी वाटलं, घरातल्या माश्या पकडायच्या की काय! पण तसं नव्हे. ही माशी खोटी असते. पिसं आणि लोकर यांनी गळ झाकायचा, तो पाण्यावर पडलेल्या किड्यासारखा दिसायला हवा. मासा फसतो आणि झडप घालतो.

आपण नेहमी गळ टाकतो तेव्हा काय करतो? गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतो, दोऱ्याला शिशाचा तुकडा बांधतो आणि भिरकावतो. वजन पुढे जातं, दोरा त्याच्या मागे. इथे सगळं उलटं! माशीला वजनच नसतं, वजन असतं दोरीला. दोरी जाडसर आणि जड, तिच्या टोकाला केसासारखा बारीक तंगूस, आणि त्याला माशी. काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग काठी पुढे आणायची. घाई केली तर दोरी आसुडासारखी ‘फट्’ वाजते आणि माशी तुटून जाते. गच्चीवर सराव करताना माझ्या अशा चार माश्या गेल्या. पाचवी शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीला लागली.

तुम्ही म्हणाल, हे साहेब लोकांचं खूळ. पण तसंही नाही बरं का! सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय की, मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात, तिला कोंबड्याची दोन पिसं बांधतात आणि नदीतले ठिपकेवाले मासे धरतात. आणि आपल्याकडे? कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक प्रकरणच आहे. कोणता मासा कुठे राहतो, काय खातो, त्याला कोणतं आमिष लावावं, काठी-दोरी कशी असावी, सगळं त्यात आहे. थोडक्यात, गळ टाकायच्या आधी मासा ओळखा, असं राजेसाहेबही सांगून गेलेत. मी हे वाचलं होतं. नुसतं वाचलंच होतं, हे मला त्या सकाळी समजलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात. ओसरीवर सर्जा-राजाचे गोंडे, माथोट्या, घुंगरमाळा मांडून ठेवल्या होत्या. एका गोंड्यातून लाल लोकरीचा धागा सुटून लोंबत होता. मला ईलियनची आठवण झाली. मी तो धागा घेतला, अंगणात पडलेलं कोंबड्याचं तांबूस पीस उचललं आणि कंदिलाजवळ बसून माशी बांधली. हो, कंदीलच! त्या रात्री गावातली वीज गेली होती. भाच्यानं शिकवल्याप्रमाणे गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकला. तो दाबला की मासा सोडवताना त्याचं तोंड फाटत नाही.

मावशी बघत होती. म्हणाली, “श्रावण आहे. मासा घरात आणशील तर बघ!”

“आणणार नाही. धरणार आणि सोडून देणार.”

“मग धरायचा कामून?” मावशीनं विचारलं.

मला उत्तर सुचलं नाही. मी नुसता हसलो.

पहाटे पाचला निघालो. तळ्याची राखण करणाऱ्या मामांना मी आदल्या दिवशीच भेटून आलो होतो. तळ्यातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असतो, त्यामुळे विचारल्याशिवाय गळ टाकायचा नसतो. मामा म्हणाले होते, “टाका की. पण बैल यायच्या आत उरका. आठला सारं गाव येतंय धुवायला.”

वाट कपाशीतून जाते, मग सोयाबीन, मग मुरमाड माळ. पायाला दव लागत होतं. पाळीवर चढलो आणि पलीकडे एकदम पाणी! वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. बाभळी उलट्या होऊन पाण्यात उभ्या होत्या. एक टिटवी ओरडत डोक्यावरून गेली आणि मग सगळं शांत झालं. इतकं शांत, की माझंच घड्याळ मला ऐकू येत होतं.

हे तळं तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात सापडणार नाही. हा आहे पाझर तलाव. 1972 साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. शेतात काम नाही, घरात दाणा नाही. तेव्हा सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, खडी, नाला-बांध आणि असे तलाव. पुढे यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला, 1977 साली. मावशी तेव्हा तुमच्याएवढी, तेरा-चौदा वर्षांची होती. याच पाळीवर तिनं डोक्यावरून माती वाहिली. जेवायला मिळायची सुकडी, नाहीतर परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी. मावशी अजूनही म्हणते, “त्या पाळीत माझ्या किती पाट्या आहेत, मोज म्हणलं तर मोजून दाखवीन.”

पाझर तलावाची एक मजा आहे. धरणाचं पाणी गळलं तर इंजिनिअरांची झोप उडते. पाझर तलाव मात्र गळण्यासाठीच बांधतात! त्याला कालवा नसतो. पावसाचं पाणी अडतं, हळूहळू मुरमात आणि खडकाच्या भेगांत मुरतं आणि खालच्या शिवारातल्या विहिरींना जाऊन भेटतं. म्हणजे तळं रिकामं होत जातं आणि विहिरी भरत जातात. उन्हाळ्यात तळ्याला कोरड पडली, तरी त्याचं काम झालेलं असतं. मासे मात्र बिचारे अडचणीत येतात.

मी पाळीच्या टोकाला, सांडव्याजवळ उभा राहिलो. काठी जोडली, माशी बांधली. पहिल्याच फेकीला माशी मागच्या बाभळीला! ती सोडवताना दोन काटे बोटात गेले. दुसरी फेक पाण्यात नीट पडली. तिसरी आणखी बरी. मग हाताला लय सापडली. मागे, थांब, पुढे. मागे, थांब, पुढे. दोरी हवेतून जाताना ‘स्स्’ असा हलका आवाज यायचा आणि माशी पाण्यावर टेकली की बारीकसं वर्तुळ उठायचं.

साडेसहाच्या सुमाराला एक चिलापी लागली. तळहाताएवढीच, पण तोरा केवढा! पाठीचा पंखा ताठ उभा करून माझ्याकडे बघत होती. चिलापी मूळची आफ्रिकेतली. भारतात आणली 1952 साली, आणि आता गावोगावच्या तळ्यांत तिची पिल्लावळ आहे. मी हात ओला करून तिला सोडवलं. कोरड्या हातानं मासा धरला तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्याला रोग होतो.

मग बराच वेळ काहीच नाही. ऊन बाभळीच्या शेंड्यावरून खाली उतरलं. एक खंड्या वाळक्या फांदीवर येऊन बसला. तो पाण्याकडे बघत होता, मीही पाण्याकडे बघत होतो. फरक एवढाच की त्याला बघता येत होतं.

तेवढ्यात गवताच्या कडेला, वीस पावलांवर, पाण्यावर काहीतरी दिसलं. पाऊस नसताना तिथे थेंब पडल्यासारखं पाणी टपटपत होतं. परातीएवढी जागा. नीट पाहिलं तर पाण्याखाली लालसर, नारिंगी असा एक ढग! बोटाच्या पेरापेक्षाही लहान शेकडो मासे, एकत्र गोळा होऊन वर येत, तोंड उघडत आणि खाली जात. भाच्याचं वाक्य आठवलं, “मामा, बारके मासे जिथे खळबळ करतात, तिथे मोठा असतो.” मी दोरी सोडली. मागे, थांब, पुढे. लाल माशी त्या ढगाच्या कडेला अलगद पडली.

पाणी फुटलं! माशीवर नुसती झडप नव्हती ती, धडकच होती. काठी वाकून टोक पाण्याला लागलं. चक्री करकरली. मासा गवताकडे पळाला, मी त्याला वळवला. तो तळाशी गेला, मी थांबलो. पाच मिनिटं झाली असतील. मला हर्ष झाला होता, खोटं कशाला सांगू? काठाजवळ आला तेव्हा दिसला. काळपट पाठ, सापासारखं चपटं डोकं, अंगावर पट्टे. मरळ! माझ्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत तरी लांब.

आणि त्याच वेळी माझी नजर पुन्हा त्या लाल ढगाकडे गेली.

ढग आता गोल राहिला नव्हता. त्याचे दोन तुकडे झाले होते. खालून चिलाप्या त्यात घुसत होत्या. पाणी इकडे तिकडे चमकत होतं. खंड्यानं फांदी सोडली, तीरासारखा खाली गेला आणि चोचीत काहीतरी घेऊन परतला. पुन्हा गेला. पुन्हा काहीतरी आणलं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ते ‘बारके मासे’ म्हणजे याच मरळाची पिल्लं होती. मरळ पावसाळ्यात गवताच्या आडोशाला अंडी घालतो. आई-बाप अंड्यांची आणि मग पिल्लांची राखण करतात. पिल्लं लाल-नारिंगी असतात, थव्यानं राहतात आणि श्वास घ्यायला सारखी वर येतात. आई-बाप थोडं खाली, सावलीसारखे फिरत असतात. जवळ येईल त्याच्यावर धावून जातात. माझ्या माशीवर हा मरळ भुकेनं आलाच नव्हता!

मला घाम फुटला. काठी खाली टाकली आणि बुटांसकट पाण्यात उतरलो. हात बुडवले, मरळाला पाण्यातच धरला. उलटा काटा दाबलेला होता म्हणून गळ सहज निघाला. पण मासा थकला होता. हात सैल केला तरी जाईना. मी त्याला पोटाखालून आधार देऊन धरून ठेवला. एक मिनिट, दोन मिनिटं. मरळाला हवेतूनही श्वास घेता येतो, एवढं मला ठाऊक होतं. त्यानं तोंड वर केलं, हवेचा एक घोट घेतला, आणि शेपटीचा एक फटका देऊन गेला. कुठल्या दिशेला गेला ते गढूळ पाण्यात दिसलं नाही.

मी काठी गुंडाळून पाळीवर बसलो. लाल ढगाचा मोठा तुकडा गवताकडे सरकला होता. छोटा तुकडा कुठेच दिसत नव्हता.

आठच्या आधीच घुंगरांचा आवाज आला. पुढे राखणदार मामा, मागे बैलांची रांग. मामांनी माझे ओले बूट पाहिले. मी सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, “राखणीवरचा मरळ खायला येत नसतो, सर. लेकरांपायी येतो. त्याला धरायला काही अक्कल लागत नाही. म्हणून आम्ही ह्या दिवसांत त्या कडेला जाळं टाकत नाही.”

“तो परत येईल का?”

“पिल्लं दिसली तर येईल.”

मग मामांनी मला एक गोष्ट सांगितली. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, तेव्हा हे तळंही पार आटलं होतं. पाऊस आल्यावर रोहू-कटल्याचं बी सोसायटीनं विकत आणून टाकलं. त्यांचं बी दरवेळी आणावंच लागतं, कारण हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहती नदी लागते. त्यांना इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्याची युक्ती हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी 1957 साली कटकला शोधली, म्हणून तर गावोगावच्या तळ्यांना बी मिळतं. “पण मरळ कुणी आणला नाही,” मामा म्हणाले, “तो आपला आपणच होता.” मरळ ओल्या चिखलात स्वतःला पुरून घेतो आणि चिखल ओला असेपर्यंत तग धरतो. पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यातही जातो. जालन्याच्या मातीत टिकायचं म्हणजे असंच चिवट असावं लागतं!

मामा उठले आणि हाळी दिली, “ए पोरांनो, बैलं तिकडच्या अंगाला न्या! हिकडं नको!” रांग वळली. सर्जा-राजा पलीकडच्या काठानं पाण्यात शिरले. पोरं त्यांच्या पाठी घासू लागली. तळ्यावर लाटा आल्या, पण गवताची कडा तेवढी शांत राहिली.

आम्ही दोघं तिकडेच बघत होतो. लाल ढग वर आला, टपटपला, खाली गेला. पुन्हा वर आला. आणि मग त्याच्या मागे, हातभर अंतरावर, पाण्यावर एक मोठं वर्तुळ उठलं. ‘गुळुप!’

“आला,” मामा म्हणाले. तोच आला की त्याची जोडीदारीण, कोण जाणे. पण राखणीला कुणीतरी होतं.

घरी आलो. मावशी पुरण वाटत होती. मला वाटलं, विचारेल, “किती मासे?” पण तिनं विचारलं, “पाणी कुठवर आलंय?”

“सांडव्याला दोन हात कमी आहे.”

तिनं मनाशी हिशोब केला. “येईल. अजून परतीचा पाऊस आहे.”

मग मी तिला मरळाची गोष्ट सांगितली. ती पाटा सोडून ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, “मी म्हणलं नव्हतं? धरायचा कामून?”

मित्रांनो, माशी टाकायचं मी सोडलेलं नाही. पण आता तळ्यावर गेलो की पहिला अर्धा तास काठी पिशवीतच ठेवतो आणि नुसतं बघतो. पाणी कुठे टपटपतंय, पक्षी कुठे बसलेत, गवताच्या आडोशाला काय चाललंय. लाल ढग दिसला की पिशवी उघडतच नाही. तुम्हीही पावसाळ्यात घरच्या मोठ्या माणसांबरोबर जवळच्या तळ्यावर जा. एकटे मात्र जाऊ नका हं! गवताच्या कडेला नीट पाहा. पाऊस नसताना पाणी टपटपताना दिसलं, तर समजा, खाली कुणीतरी राखण करतंय.

आणि मावशीच्या गावाचं नाव मी का सांगितलं नाही, ते तुम्हाला आता कळलंच असेल.